कार्ड जिथलं, कायदा तिथला

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची कार्डं त्या दिवशी एकाच वेळी २८ देशांतल्या एटीएममध्ये चालत होती. खरी कार्डं खातेदारांच्या खिशात, पुण्यात आणि आसपास. परदेशात चालली ती त्यांच्या नकला. काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये देशाबाहेर निघाले, भारतात रुपे कार्डांवरून आणखी अडीच कोटी गेले, आणि सोमवारी, १३ तारखेला, बँकाबँकांतल्या स्विफ्ट या संदेशजाळ्याच्या मार्गाने हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख पोचले. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमवर असा एकाच वेळी जगभर डल्ला पडू शकतो, हा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, बँकांना दिला होता.

कॉसमॉसमध्ये चोरांनी एकेका खातेदाराला गाठलं नाही. एटीएमवर कार्ड घातलं की 'पैसे देऊ का?' असा प्रश्न बँकेच्या ज्या यंत्रणेकडे जातो, तिच्या जागी त्यांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत राहिली. त्यामुळे खातेदारांच्या शिलकीला धक्का लागलेला नाही असं बँकेने सांगितलं. तोटा बँकेचा झाला. हल्ल्यामागे उत्तर कोरिया असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये नोंदवलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. एटीएमसमोर उभं राहून नोटा काढणारी ही इथली माणसं होती. डाव रचणारे कोणाच्या हाती लागले नाहीत.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण त्याच्या अडचणीचा गाभा त्यात आहे. कार्ड एका देशाचं, चोरी दुसऱ्या देशात, चोर तिसऱ्या देशात. मग दाद कुठे मागायची? कॉसमॉसच्या वेळी हा प्रश्न बँकेपुढे होता. एकट्या माणसापुढे तो येतो तेव्हा त्याच्यामागे ना वकिलांची फौज असते, ना तपास अधिकारी.

असा एकटा माणूस मावळातूनही गेलेला असतो. मळवली स्टेशनवर उतरून भाज्यावरून चढ धरला की लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी लागते. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी स्थापत्या'च्या बारा किल्ल्यांत लोहगडही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आणि या वाटेवरची वर्दळ वाढली. पिठलं-भाकरीचे पैसेही आता क्यूआर कोडवर दिले जातात. मावळातली मुलं तळेगाव, चाकण, हिंजवडी करत करत दुबई, लंडन, डॅलसपर्यंत गेली आहेत. अशा एखाद्या मुलाचं पाकीट उघडलं तर त्यात साधारण तीन तऱ्हेची कार्डं निघतील. निघण्यापूर्वी लोणावळ्याच्या किंवा पुण्याच्या शाखेतून घेतलेलं भारतीय क्रेडिट कार्ड, एनआरई किंवा एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्याचं डेबिट कार्ड, आणि तिकडे नोकरी लागल्यावर मिळालेलं तिथलं कार्ड. दिसायला सगळी सारखीच, सगळ्यांवर व्हिसा किंवा मास्टरकार्डची खूण. पण फसवणूक झाली की तिन्हींचे रस्ते वेगळे होतात.

मुख्य नियम असा की तुम्ही कुठे राहता याला फारसं महत्त्व नाही. कार्ड कोणत्या देशातल्या बँकेने दिलं, त्या देशाचा कायदा तुमच्या नुकसानीचा निवाडा करतो. डॅलसमध्ये राहणाऱ्याच्या भारतीय कार्डावर डॅलसमध्येच चोरी झाली, तरी अमेरिकेचा ग्राहक-कायदा त्याच्या कामाला येत नाही. त्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांच्या आधारावरच भांडावं लागतं. उलट सुट्टीत गावी आलेल्याच्या अमेरिकी कार्डावर लोणावळ्यात कुणी हात मारला, तर त्याची तक्रार अमेरिकेतल्या बँकेकडे, तिथल्या कायद्याने. हे ठाऊक नसल्याने पहिले दोन दिवस भलत्या दारावर जातात, आणि या कामात पहिले दोन दिवसच मोलाचे.

अमेरिकेत क्रेडिट कार्डधारक बराच सुरक्षित आहे. अनधिकृत वापरासाठी त्याच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी येते, आणि बहुतेक बँका तेवढेही घेत नाहीत. बिलातली चूक स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायची. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलचक्रांत, फार तर ९० दिवसांत, निकाल लावायचा. १९७४ च्या कायद्याने आलेली ही चौकट आहे. पण त्याच बँकेच्या डेबिट कार्डाला १९७८ चा वेगळा कायदा लागू होतो, आणि तो बराच कडक आहे. कार्ड हरवल्याचं वा चोरीला गेल्याचं कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं तर ५० डॉलर, उशीर झाला तर ५०० डॉलरपर्यंत, आणि स्टेटमेंटनंतरचे ६० दिवसही उलटू दिले तर पुढच्या चोऱ्यांच्या नुकसानीला मर्यादाच नाही. म्हणूनच जुनी माणसं नव्याने आलेल्यांना सांगतात की पेट्रोल पंपावर आणि अनोळखी वेबसाइटवर डेबिट कार्ड काढू नका. क्रेडिट कार्डात वाद होतो तो बँकेच्या पैशांवर. डेबिट कार्डात पगार आधी जातो आणि वाद मागाहून सुरू होतो.

ब्रिटनमध्ये २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकावर येणारी जबाबदारी फार तर ३५ पौंडांची, तक्रारीला १३ महिन्यांची मुदत, आणि बँकेला संशयाचं कारण नसेल तर पुढच्या कामाच्या दिवसाअखेर पैसे परत. युरोपीय संघातही चौकट हीच, मर्यादा ५० युरो. भारतीय वाचकाला हे आकडे परीकथेसारखे वाटतात. त्यांच्यामागचं तत्त्व साधं आहे. यंत्रणा बँकेने उभारली, तेव्हा ती फुटली तर धोका आधी बँकेने सोसायचा.

भारताचा नियम या तत्त्वापासून फार लांब नाही, हे आपल्याकडे कमी जणांना माहीत असतं. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तीन पायऱ्या आखून दिल्या. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, त्याने कळवलं असो वा नसो. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कुठल्या तरी यंत्रणेची असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास कार्ड आणि खात्याच्या प्रकारानुसार ५, १० किंवा २५ हजारांपर्यंत. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. तक्रार आली की दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

या परिपत्रकाचा मसुदा ऑगस्ट २०१६ मध्ये आला होता. त्यानंतर दोनच महिन्यांत त्याची गरज पटवणारं प्रकरण घडलं. एटीएम सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीची यंत्रणा फुटली आणि देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली. माणसं भारतात होती आणि त्यांची कार्डं चीन आणि अमेरिकेत वापरली जात होती. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ६४१ ग्राहकांचे १ कोटी ३० लाख गेल्याचं सांगितलं.

आता हाच नियम परदेशातल्या माणसाच्या जागी उभं राहून वाचा. तीन दिवस मोजायचे ते ग्राहकाच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे. म्हणजे लोणावळ्याच्या शाखेला चौथ्या शनिवारची सुट्टी असेल तर तो दिवस धरायचा नाही. इथपर्यंत ते ग्राहकाच्या बाजूचं आहे. पण मोजणी सुरू होते ती बँकेचा संदेश मिळाल्यापासून, आणि बँकेची यंत्रणा नोंद ठेवते ती संदेश फोनवर पोचल्याच्या वेळेची. फोन कुणाच्या हातात होता, हे ती विचारत नाही. संदेश वडिलांच्या फोनवर पोचला, त्यांनी वाचला नाही किंवा त्यांना कळला नाही, तरी घड्याळ चालू होतं. माझ्या मते परदेशातल्या भारतीय ग्राहकाची सगळ्यात मोठी पडझड इथेच होते.

कारण भारतीय सिमकार्ड. निघताना ते एकतर घरी ठेवलं जातं, नाहीतर पेटीत टाकलं जातं. पेटीतलं सिम रिचार्जअभावी गप्प होतं. ९० दिवस वापर नसेल आणि २० रुपयांइतकी शिल्लकही नसेल तर कंपनी ते बंद करू शकते, आणि बंद नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. बँकेच्या कागदावर मात्र तोच नंबर. मग बँकेचे संदेश, ओटीपी, कार्ड बंद झाल्याची सूचना एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागते. घरी ठेवलेल्या सिमची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची. मुलगा तिकडून विमानाचं तिकीट काढतो, ओटीपी आई-वडिलांच्या फोनवर येतो, आणि व्हॉट्सॲप कॉल चालू असतानाच ते मोठ्याने आकडे वाचून दाखवतात. 'बाबा, आत्ता एक नंबर आला असेल बघा, तेवढा सांगा.' हे घरोघरी चालतं. त्यातून एका म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षं सवय लागते की फोनवर कुणी घाईने नंबर मागितला की तो सांगायचा असतो. मग एखाद्या दुपारी मुलाच्या बँकेचं नाव सांगत, 'तुमच्या मुलाचं कार्ड तिकडे अडकलंय' म्हणत दुसराच माणूस फोन करतो. त्याला वडिलांना काही वेगळं शिकवावं लागत नाही. सवय आपणच लावलेली असते. पावसाळ्यात डोंगराच्या पोटातल्या गावात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. तेव्हा मुलाशी खातरजमा करून घेण्याची वाटही बंद असते.

आणि एकदा ओटीपी दिला गेला की बाजू पलटते. त्यासाठी कार्डाचा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहायला हवं. एका टोकाला कार्ड देणारी बँक, दुसऱ्या टोकाला दुकानदाराची बँक, मधे व्हिसा किंवा मास्टरकार्ड. ग्राहकाने 'हा व्यवहार माझा नाही' म्हटलं की त्याची बँक मधल्या जाळ्यातून दुकानदाराच्या बँकेकडे पैसे परत मागते. हेच चार्जबॅक. त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते. ऑनलाइन व्यवहार ओटीपीविना झालेला असेल तर फसवणुकीचा तोटा सहसा दुकानदाराच्या बाजूला पडतो आणि पैसे परत येण्याची शक्यता चांगली राहते. ओटीपी टाकून झालेला असेल तर तोटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो, आणि बँक ग्राहकाकडे बोट दाखवते की नंबर तुमच्याच फोनवर आला होता, तुम्हीच दिला असणार. ओटीपी चोराला अडवतो हे खरं. पण तो ओलांडला गेला, की तोच ग्राहकाविरुद्धचा पुरावा होतो.

भारतात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खातरजमा १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे. त्या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे होतो आणि आहोत. पण ही सक्ती देशाच्या वेशीपर्यंतच होती. भारतीय कार्ड परदेशी वेबसाइटवर वापरलं तर नुसता कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरत. म्हणून चोरलेले भारतीय क्रमांक चालवायला परदेशी दुकानं सोयीची ठरली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत या भोकाला हात घातला आहे. परदेशी व्यापाऱ्याने दुसरी खातरजमा मागितली तर ती करून देण्याची व्यवस्था भारतीय बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करायची आहे. 'मागितली तर' हे शब्द महत्त्वाचे. न मागणाऱ्या दुकानाचं दार उघडंच राहतं. संयुक्त अरब अमिरातीत तर बँकांनी जुलै २०२५ पासून एसएमएसचा ओटीपीच टप्प्याटप्प्याने काढून टाकायला घेतला आणि खातरजमा बँकेच्या ॲपमध्ये नेली. आखातातल्या मराठी माणसाला हा बदल आधी जाचक वाटला असेल, पण दिशा बरोबर आहे. ॲप फोनबरोबर फिरतं. सिम पेटीत राहतं.

रिझर्व्ह बँकेचं त्याआधीचं एक पाऊल मला जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याचा वापर फार कमी होतो. जानेवारी २०२० च्या परिपत्रकात तिने सांगितलं की नवं कार्ड फक्त भारतात, आणि तेही यंत्रात घालून वापरण्यापुरतंच चालू असेल. परदेशी, ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करायचे, आणि चालू-बंदचं बटण, मर्यादा ठरवण्याची सोय ॲपवर चोवीस तास द्यायची. परदेशात राहणाऱ्याने आपल्या भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद ठेवले, गरज पडेल तेव्हा दहा मिनिटं उघडले आणि पुन्हा मिटले, तर बरीचशी चोरी दारातच थांबते. लोहगडाला वाडीकडून चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाने लागतात. एक फोडला तरी पुढचा समोर असतो. कार्डाचंही तसंच असावं. ओटीपी हा त्यातला एकच दरवाजा, आणि बाकीचे आपण बहुतेक वेळा सताड उघडे टाकलेले असतात.

बँकेकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक परदेशातला करून घेणं हा याहून सरळ उपाय. एनआरआय खात्यांना अनेक बँका ही सोय देतात. पण त्यासाठी आधी बँकेला आपण अनिवासी झालो हे सांगावं लागतं. परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओमध्ये बदलून घ्यायचं असतं. पुष्कळ लोक ते करत नाहीत. लोणावळ्याचं खातं जसंच्या तसं चालू ठेवतात, पत्ता गावचा, नंबर वडिलांचा. चोरी झाल्यावर बँक पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागते, कारण व्यवहाराच्या वेळी तुम्ही कुठे होतात हे ठरवायचं असतं. तेव्हा ही जुनी हयगय नको त्या वेळी समोर येते.

चोरी झालीच तर क्रम ठरलेला असावा. आधी ॲपवरून कार्ड बंद. मग बँकेला कळवणं, आणि ते ईमेलनेही, कारण फोनवरच्या बोलण्याची तारीख पुढे सिद्ध करावी लागते. २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनी बँकेला हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट, ॲप असे अनेक मार्ग खुले ठेवायला सांगितलं. भारतातल्या १९३० या सायबर हेल्पलाइनवर परदेशातून नेहमीसारखा फोन लावता येईल असं धरून चालू नये. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, किंवा घरच्या माणसाला फोन लावायला सांगावं, पण हातात व्यवहाराचा तपशील लिहून देऊन. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. २०२१ च्या योजनेत भरपाईची मर्यादा २० लाखांची ठेवली होती. अमेरिकेत राहणाऱ्याने एक जास्तीचं काम करावं. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडे आपली पतनोंद गोठवून ठेवावी. सप्टेंबर २०१८ पासून हे मोफत आहे, आणि कुणी तुमच्या नावाने नवं कार्ड काढू पाहिलं तर ते तिथेच अडतं. इक्विफॅक्समधूनच २०१७ मध्ये १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली होती, म्हणून हे जास्त गरजेचं.

पोलिसांकडचा रस्ता लांबचा. लोहगडवाडीच्या माणसाच्या बाबतीत हद्द पुणे ग्रामीणची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे जुलै २०२४ पासून माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते आणि हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही. पण ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. डॅलसमधला माणूस तीन दिवसांत लोणावळ्याच्या ठाण्यात कसा येणार? निघण्याआधी घरातल्या कुणाच्या तरी नावाने मुखत्यारपत्र करून ठेवलं असेल तर बँकेतली बरीच कामं सोपी होतात. सहीच्या अटीला मात्र परदेशातल्या फिर्यादीसाठी दूतावासामार्फत किंवा डिजिटल सहीने वाट काढून द्यायला हवी, आणि ते काम सरकारचं आहे.

एक वाट फार कमी लोकांना माहीत आहे आणि ती महाराष्ट्रातच गाजली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४६ व्या कलमानुसार राज्याचे आयटी सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि ५ कोटींपर्यंतच्या दाव्यांत भरपाईचा आदेश देऊ शकतात. राजेश अग्रवाल त्या पदावर असताना २०१३ मध्ये त्यांनी पुण्याच्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. खात्यातून ८० लाखांवर रक्कम फसवणुकीने गेली होती. ग्राहकाने फसव्या ईमेलला उत्तर दिलं हे धरूनही बँकेच्या सुरक्षेतल्या त्रुटी मोजल्या गेल्या. कार्डाच्या वादातही हा विचार लागू पडावा. ग्राहक चुकला म्हणून बँकेची चूक पुसली जात नाही.

या सगळ्यात महाराष्ट्र नुसता सोसणारा नाही, हेही लिहायला हवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवर छापे घातले तेव्हा तिथून अमेरिकी करखात्याच्या नावाने अमेरिकेतल्या लोकांना धमकावणं चालू होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये तसंच केंद्र पकडलं. अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांना ॲमेझॉनचे मदतनीस म्हणून फोन जात होते आणि पैसे गिफ्ट कार्डांच्या रूपात घेतले जात होते. घाटमाथ्यावरचे बंगले महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या लोणावळा-मावळातल्या मालकांनी या बातमीकडे बारकाईने पाहावं. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला मराठी घरंही असतात. न्यू जर्सीतल्या एखाद्या आजीला फोनवर ओळखीच्या वळणाचं इंग्रजी आणि मधूनच हिंदी ऐकू आलं की तिचा संशय वाढण्याऐवजी कमी होतो.

परदेशातल्या बँका आपल्या ग्राहकाला आधी पैसे देतात आणि मग तपास करतात. आपल्याकडे नियमही तेच सांगतो, कामकाजाच्या दहा दिवसांत तात्पुरती जमा करा म्हणून, पण ग्राहक ते मागत नाही कारण त्याला ते ठाऊक नसतं. परदेशातून तक्रार लिहिताना रिझर्व्ह बँकेच्या या नियमाचा उल्लेख पहिल्याच ओळीत करावा, संदेश कोणत्या नंबरवर आणि कधी पोचला ते लिहावं, पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत जोडावी, आणि तात्पुरती जमा स्पष्ट शब्दांत मागावी. मुलगा तिकडे जायला निघाला की विमानतळावर सोडायला जाण्याआधी एक संध्याकाळ आई-वडिलांबरोबर बसून एवढं ठरवून घ्यावं की कार्डाचा कुठलाही नंबर आता यापुढे फोनवरून कुणी कुणाला सांगायचा नाही, मुलानेही मागायचा नाही.